भाऊसाहेबांचा तोतया आणि मनाची प्रत

वीस वर्षांपूर्वीचा एक माणूस आणि आज समोर उभा असलेला एक माणूस हे दोघे एकच आहेत, हे कशावरून ठरते? रोजच्या व्यवहारात हा प्रश्न कोणी विचारत नाही. चेहरा, आवाज, चाल, सही, जुन्या आठवणी असे सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि ओळख पटते. हे पुरावे एकमेकांविरुद्ध बोलू लागले, की अडचण उभी राहते. शरीर एकाचे आणि आठवणी दुसऱ्याच्या असतील तर? शरीर नष्ट झाले आणि आठवणी मात्र जशाच्या तशा दुसरीकडे उतरवून ठेवल्या तर? तत्त्वज्ञांनी हा प्रश्न शतकानुशतके चर्चिला आहे. मेंदूतील सगळी जोडणी टिपून यंत्रात तिची प्रत उभी करण्याची भाषा विज्ञान करू लागल्यापासून त्याला नवी निकड आली आहे.

मराठी मुलखात या प्रश्नाने अठराव्या शतकात राज्य हादरवले होते. त्याची सुरुवात आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरपासून सांगावी लागते.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव करून मराठी फौजा परतूरच्या परिसरात आल्या. त्या काळच्या कागदांत या गावाचे नाव पडदूर किंवा पटदूर असे येते. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी उत्तरेतून आली होती. अब्दालीवर कोणी जायचे याची मसलत परतूरच्या मुक्कामी झाली आणि चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांची निवड झाली. १४ मार्च १७६० रोजी भाऊंनी परतूरहून उत्तरेकडे कूच केले. दहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर विश्वासराव पडले आणि भाऊ लढाईच्या गर्दीत दिसेनासे झाले.

लढाईनंतर प्रेतांच्या ढिगात शोध घेतला गेला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या शोधाची हकीकत लिहून ठेवली आहे. एक शिर नसलेले धड सापडले. पूर्वी झालेल्या एका हल्ल्यातील जखमेचा पाठीवरचा व्रण आणि अंगावरच्या इतर खुणा यांवरून ते भाऊंचे आहे, असे ओळखीच्या माणसांनी सांगितले. पुढे शिरही सापडले व अग्निसंस्कार झाला. पण हे सगळे पुण्यापासून शेकडो कोस दूर, परक्याच्या छावणीत घडले. घरच्या कोणाच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपताहून जिवावर बेतलेल्या प्रवासातून परतल्या होत्या. पती गेल्याचे त्यांनी मान्य केले नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. जिथे खात्री नाही तिथे आशेला जागा राहते, आणि त्या जागेत काही वर्षांतच एक माणूस येऊन उभा राहिला.

उत्तरेकडून आलेल्या सुखनिधान नावाच्या या कनोजी ब्राह्मणाने आपणच सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगितले. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्यात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण तिथे संपायला हवे होते. पण १७७६ मध्ये, पेशवाईत बारभाई आणि रघुनाथराव यांचा झगडा चालू असताना, रत्नागिरीच्या किल्ल्यातून तो बाहेर पडला. किल्ल्याचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला भाऊसाहेब म्हणून मान दिला. पाहता पाहता कोकणात हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली गोळा झाली आणि किल्ले त्याच्या ताब्यात गेले. अखेर पुण्याहून धाडलेल्या फौजेने त्याचा पाडाव केला. आंग्र्यांनी त्याला पकडून दिले. पुन्हा पुण्यात चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांनी पुढे या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

राजकारण बाजूला ठेवून या खटल्याकडे पाहिले तर त्यात चार प्रकारचे पुरावे एकमेकांशी झगडताना दिसतात. पहिला शरीराचा: व्रण, खुणा, चेहरा. दुसरा आठवणींचा, म्हणजे भाऊंनाच ठाऊक असतील अशा गोष्टी या माणसाला सांगता येतात का. तिसरा इतरांच्या ओळखण्याचा. नाना फडणीस स्वतः पानिपताहून वाचून आले होते आणि त्यांनी भाऊंना जवळून पाहिले होते; उलट कोकणातील ज्या हजारोंनी तोतयाला मानले त्यांतल्या बहुतेकांनी खरे भाऊ कधी पाहिलेही नसतील. चौथा पुरावा त्या माणसाच्या स्वतःच्या दाव्याचा. व्यक्तीच्या एकत्वाबद्दल जगात जे जे सिद्धान्त मांडले गेले ते साधारणपणे या चारांपैकी एखाद्याला प्रधान मानतात.

आठवणींना प्रधान मानणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे. त्याच्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने या विषयावर नवे प्रकरण घातले. एका राजपुत्राची जाणीव, त्याच्या गतायुष्याच्या सगळ्या आठवणींसह, एका चांभाराच्या शरीरात गेली, अशी कल्पना त्याने वाचकापुढे ठेवली. लॉकच्या मते त्या शरीरात आता राजपुत्र आहे आणि राजपुत्राने केलेल्या कृत्यांचा जाब त्यालाच द्यावा लागेल. जाणीव जिथपर्यंत मागे पोहोचते तिथपर्यंत ती व्यक्ती पोहोचते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. परकायाप्रवेशाच्या कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. शंकराचार्यांनी अमरु राजाच्या मृत देहात प्रवेश केला आणि शिष्यांनी तोवर त्यांचा मूळ देह राखला, ही कथा त्यांतली सर्वांत परिचित. कथा ऐकताना राजाच्या देहात आचार्यच आहेत याबद्दल श्रोत्याला शंका येत नाही. म्हणजे श्रोता नकळत लॉकच्या बाजूचा असतो.

तरीही लॉकचे उत्तर अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे तोतयाच्या प्रकरणातून फार स्वच्छ दिसते. तोतयाला भाऊंच्या घरातील, दरबारातील, लढाईतील काही गोष्टी सांगता येत असतील तर त्या त्याला कळल्या कुठून? अनुभवातून की कानावरून? ऐकीव माहिती कितीही बारकाईची असली तरी ती आठवण होत नाही. एखादी गोष्ट आठवते असे म्हणण्यासाठी ती सांगणाऱ्यानेच पूर्वी अनुभवलेली असावी लागते. म्हणजे आठवण खरी आहे हे ठरवण्याआधी माणूस तोच आहे हे ठरवावे लागते. आठवणीवरून माणूस ओळखायचा आणि माणसावरून आठवण खरी धरायची, असे हे चक्र आहे. पुढे बिशप झालेल्या जोसेफ बटलर याने १७३६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. तोतयाच्या पाठीराख्यांनी त्याच्या सांगण्याला आठवण मानले, कारण त्यांनी आधीच त्याला भाऊ मानले होते.

आठवण मुळातच किती डळमळीत असते हे विसाव्या शतकातील मानसशास्त्राने दाखवून दिले. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन संशोधिकेच्या १९७४ पासूनच्या प्रयोगांत केवळ प्रश्नाचा शब्द बदलल्याने साक्षीदारांची आठवण बदलली. पुढच्या प्रयोगांत, लहानपणी बाजारात हरवल्याची न घडलेली घटना काही जणांना घडल्यासारखी आठवू लागली. दुसऱ्या टोकाला हेन्री मोलेसन हा रुग्ण आहे. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण टिकली नाही. रोज भेटणारी संशोधिका त्याला रोज नवी होती. तरी त्याचा सौजन्यशील स्वभाव, बोलण्याची ढब, शब्दकोड्यांची आवड कायम राहिली, आणि त्याला ओळखणाऱ्यांपैकी कोणालाही तो वेगळा माणूस झाला असे म्हणावेसे वाटले नाही. न घडलेले आठवू शकते आणि घडलेले आठवले नाही तरी माणूस तोच राहतो. मग सगळा भार आठवणींवर टाकता येत नाही.

शरीराच्या बाजूने बोलणारे उत्तर वेताळपंचविशीत सापडते. एका स्त्रीचा पती आणि त्याच्यासोबतचा दुसरा तरुण हे दोघे देवीपुढे आपापली शिरे उडवून घेतात. देवीच्या वराने ती शिरे पुन्हा जोडताना स्त्रीच्या हातून अदलाबदल होते. आता पती कोणता? विक्रम उत्तर देतो, ज्याच्या धडावर पतीचे शिर तो पती, कारण सर्व अवयवांत शिर मुख्य. गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’ नाटकाच्या मुळाशी हीच कथा आहे. आजचा वैद्य विक्रमाशी बराचसा सहमत होईल. हृदय, मूत्रपिंड, यकृत बदलले तरी माणूस बदलत नाही. मेंदू बदलता आला तर बदलेल. किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून केलेल्या अभ्यासांत मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात असे आढळले आहे. रक्ताच्या, त्वचेच्या, आतड्याच्या अस्तराच्या पेशी सतत नव्या होतात, या मात्र जन्मभर त्याच राहतात.

पण मेंदूतले काय महत्त्वाचे? त्याचे द्रव्य की त्यातील रचना? चेतापेशी तीच राहिली तरी तिच्यातील प्रथिने मोडतात आणि पुन्हा घडतात. टिकते ती मांडणी. आणि मांडणीच महत्त्वाची असेल तर ती दुसऱ्या द्रव्यात का उतरवता येऊ नये? मनाची प्रत काढण्याची सगळी कल्पना या एका पायरीवर उभी आहे.

विज्ञान या पायरीच्या कितपत जवळ आहे हे नीट पाहायला हवे, कारण या विषयावर बाजारात अतिशयोक्ती फार आहे. एका सूक्ष्म गोलकृमीच्या सगळ्या म्हणजे ३०२ चेतापेशींची जोडणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूचा नकाशा पुरा झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातील ५ कोटींहून अधिक जोड आहेत. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या एका घनमिलिमीटर तुकड्याचा नकाशा मांडला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा त्या तुकड्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोड निघाले आणि त्याची माहिती साठवायला १४०० टेराबाइट जागा लागली. संपूर्ण मानवी मेंदू अशा १२ लाखांच्या आसपास तुकड्यांएवढा असतो आणि त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात.

एवढा नकाशा उद्या हाती आला तरी तो मन होणार नाही. गोलकृमीची जोडणी प्रसिद्ध होऊन चार दशके होत आली, तरी त्या नकाशावरून तो कृमी संगणकात जसाच्या तसा जगवता आलेला नाही. कोणता जोड किती प्रबळ आहे, कोणती रसायने कोणत्या क्षणी काय बदलतात, हे रेषांच्या नकाशात दिसत नाही. शिवाय एक गोष्ट जाहिरातींत कधी येत नाही: आज ही मोजणी करण्यासाठी मेंदूच्या ऊतीचे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ काप करावे लागतात. प्रत निघण्याआधी मूळ मेंदू कापला जातो.

तरीही हे सगळे अडथळे दूर झाले असे क्षणभर धरले, तर प्रत जागी होईल तेव्हा ती काय म्हणेल? ती मूळ माणसाचे नाव सांगेल. बालपण सांगेल, आईच्या हातच्या स्वयंपाकाची चव सांगेल, आणि त्यात लबाडीचा लवलेश नसेल. सुखनिधान आणि ही प्रत यांत इथे मोठा फरक आहे. त्याची माहिती ऐकीव होती. प्रतीच्या आठवणी मूळ मेंदूतील खुणांतून, अखंड कार्यकारणाच्या मार्गाने आलेल्या असतील. बटलरचा आक्षेप इथे तितकासा लागू पडत नाही. तोतया खोटा ठरवता आला, कारण त्याच्या सांगण्याचा उगम चुकीचा होता. प्रतीचा उगम बरोबर आहे. मग तीच व्यक्ती मानावी का?

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५० च्या दशकात याला उत्तर देणारा युक्तिवाद मांडला, आणि त्याने निवडलेला दाखला तोतयाच्या प्रकरणाशी आश्चर्यकारक जुळतो. समजा, आजचा एक माणूस एके सकाळी उठून सांगू लागला, की आपण चारशेहून अधिक वर्षांपूर्वी फाशी गेलेले गाय फॉक्स आहोत. पडताळणी केली तर त्याच्या सगळ्या आठवणी फॉक्सच्या आयुष्याशी तंतोतंत जुळतात. त्याला फॉक्स मानण्याचा मोह होईल. पण त्याच्या भावालाही त्याच सकाळी अगदी तेच झाले तर? दोघेही फॉक्स असू शकत नाहीत, कारण मग ते दोघे एकच माणूस ठरतील आणि ती तर दोन ठिकाणी बसलेली दोन माणसे आहेत. दोघांचा पुरावा समान आहे, म्हणून एकाला निवडता येत नाही. मग दोघेही फॉक्स नाहीत. आणि दुसरा आला म्हणून पहिला फॉक्स राहिला नाही, असे म्हणणे विचित्र आहे. एखादा माणूस कोण आहे हे दूरवर दुसरा कोणी आहे की नाही यावर कसे अवलंबून असेल? म्हणजे दुसरा आला नसता तरी पहिला फॉक्स नव्हताच. तो फक्त फॉक्ससारखा होता.

हा युक्तिवाद या विषयाचा कणा आहे. पुण्याच्या चौकशीत ‘हा भाऊ आहे की नाही’ एवढाच प्रश्न होता, कारण भाऊ एकच असू शकतात हे सर्वांनी गृहीत धरले होते. यंत्रातील प्रत मात्र एकदा निघाली की दहा निघू शकते. दहाही जणी तितक्याच प्रामाणिक, दहांच्याही आठवणी तितक्याच अस्सल. पहिल्या क्षणानंतर प्रत्येकीचा अनुभव वेगळा, म्हणून प्रत्येकीची वाट वेगळी.

प्रतींच्या वाटा कशा फुटतात याचा दाखला मराठी वाङ्मयात आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्याविषयीच्या आठवणी म्हाइंभटांनी एकेका साक्षीदाराला विचारून तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. पंथातील शिष्यांनी पाठांतराच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले. आज अभ्यासक त्या पाठांची तुलना करतात. ग्रंथाच्या बाबतीत यात दुःख करण्यासारखे थोडे आहे, कारण ग्रंथ म्हणजे शब्दांची मांडणी. ती जिथे जुळली तिथे तोच ग्रंथ. हजार घरांत ‘दासबोध’ असला तरी दासबोध एकच. माणूस असा हजार घरांत एक असू शकतो का? विल्यम्सचे उत्तर नाही असे आहे, आणि ते टाळता येण्यासारखे दिसत नाही.

डेरेक परफिट या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये वेगळा मार्ग काढला. त्याने दूरप्रेषणाची कल्पना मांडली: पृथ्वीवर शरीर नष्ट करून त्याची बारीकसारीक नोंद मंगळावर पाठवायची आणि तिथे हुबेहूब शरीर घडवायचे. हा प्रवास की मृत्यू? परफिटचे म्हणणे असे, की ‘तोच की दुसरा’ या प्रश्नावर एवढा जीव टाकू नये. महत्त्व सातत्याला आहे: आठवणी, हेतू, स्वभाव, प्रेम पुढे चालू राहते की नाही. ते चालू राहत असेल तर ‘तोच’ हे लेबल लागते की नाही ही गौण बाब आहे. ही भूमिका उदार आहे आणि मृत्यूची भीती तिने कमी होते असे परफिट स्वतः सांगत असे. पण तिच्यात एक कमतरता राहते. मंगळावर हुबेहूब माणूस उतरला आणि पृथ्वीवरच्याला नष्ट करायचे मात्र राहून गेले, तर त्या पृथ्वीवरच्याला ‘सातत्य तिकडे चालू आहे, आता तुम्ही मरायला हरकत नाही’ असे कोणी सांगू शकेल का? त्याला मरण तेवढेच लागेल.

बौद्ध परंपरेने परफिटच्या कितीतरी आधी या टोकापर्यंत विचार नेला होता. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणलेल्या एका ग्रंथात ही कथा आहे. एक वाटसरू रात्री ओसाड घरात थांबतो. एक राक्षस प्रेत घेऊन येतो, दुसरा त्या प्रेतावर हक्क सांगतो. वाटसरू खरी साक्ष देतो. चिडलेला राक्षस त्याचा हात उपटतो, तर दुसरा प्रेताचा हात काढून तिथे बसवतो. असे करत करत सगळे शरीर बदलते आणि मूळ शरीर राक्षस खाऊन टाकतात. सकाळी तो माणूस भिक्षूंना विचारतो, ‘मी आहे की नाही?’ ते सांगतात, की ज्याला तो मी म्हणतो ते आजच नाहीसे झाले असे नाही. ते मुळातच नव्हते.

जालना जिल्ह्यात या प्रश्नाची परस्परविरुद्ध अशी आणखी दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थस्थान. या पंथाच्या दर्शनात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न मानले आहेत. जीव अनेक आहेत आणि प्रत्येक वेगळा. या दृष्टीने पाहिले तर मेंदूची रचना प्रपंचात मोडते. तिच्या कितीही प्रती काढल्या तरी जीवाची प्रत निघत नाही.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये ठोसर घराण्यात जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला. बारा वर्षे टाकळीची तपश्चर्या आणि बारा वर्षे तीर्थाटन करून तो जांबेला परतला, तेव्हा शरीर बदलले होते, वेष बदलला होता, नावही बदलले होते. पुत्रवियोगाने आईची दृष्टी गेली होती आणि दारातल्या गोसाव्याचा आवाज ऐकून तिने नारायणाची आठवण काढली, असे परंपरा सांगते. ओळख पटवणारी इतकी साधने गळून पडल्यावरही ओळख पटते, ही या कथेची ताकद आहे. त्याच रामदासांनी ‘दासबोधा’त मात्र या ओळखीपलीकडे जाऊन विचार केला आहे. स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशा देहांचा एकेक करून निरास केल्यावर ‘मी’ म्हणून वेगळे काही उरत नाही. उरते ते सर्वांत एकच असलेले आत्मस्वरूप. आठवणींचा साठा सूक्ष्म देहाकडे गेला, म्हणजे तोही पाहिली जाणारी वस्तू झाला, पाहणारा नव्हे. अद्वैताच्या या भूमिकेवरून मूळ कोण आणि प्रत कोण हा वाद व्यवहारापुरता आहे.

यापैकी कोणते दर्शन स्वीकारावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू यांतील हा भेद आजच्या विज्ञानालाही सोडवता आलेला नाही. डेव्हिड चामर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये त्याला जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटले. मेंदू रंग कसा ओळखतो, बोट भाजले तर हात कसा मागे घेतो, हे टप्प्याटप्प्याने उलगडेल. ते सगळे चालू असताना आतून काहीतरी जाणवते, दुखते, ते का? प्रतीने ‘दुखते’ असे म्हटले तर तिला खरोखर दुखत असेल, की दुखणाऱ्याचे बोलणे ती हुबेहूब बोलत असेल? बाहेरून तपासण्याची कोणतीही कसोटी आज हाती नाही. अशा स्थितीत सावधपणा हाच न्याय आहे: दुखत असण्याची शक्यता असेल तर तिला यंत्र म्हणून वागवू नये.

मनाची प्रत अजून दूर असली तरी माणसाच्या खुणांची प्रत दारात आली आहे. आवाजाचे काही नमुने दिले की संगणक त्या आवाजात हवे ते बोलतो आणि गातो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने आदेश देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांचा आवाज परवानगीवाचून वापरण्यास मनाई केली. मृतांचे संदेश, फोटो, ध्वनिफिती घेऊन त्यांच्याप्रमाणे बोलणारे कार्यक्रमही जगात विकले जात आहेत. आवाजावरून नारायणाची आठवण काढणाऱ्या आईची साक्ष यापुढे कोर्टात टिकणार नाही, हे या तंत्राचे सर्वांत दुखरे फलित आहे. दुसरीकडे कायद्याने ओळखीसाठी शरीराचाच आधार धरून ठेवला आहे. २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून आधार क्रमांक देण्यास सुरुवात झाली तेव्हा नोंदले गेले ते बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळ. कितीही आठवणी सांगितल्या तरी त्या यंत्रापुढे उपयोग नाही.

व्यवहारासाठी हे धोरण शहाणपणाचे आहे. विल्यम्सचा युक्तिवाद मान्य केला तर त्यातून एक स्पष्ट निर्णय निघतो. उद्या मनाची प्रत खरोखर निघालीच, तर ती खोटी नसेल, तोतयाही नसेल. ती दुसऱ्याच्या आठवणी घेऊन जन्मलेली नवी व्यक्ती असेल. तिला छळता येणार नाही, पुसून टाकता येणार नाही आणि तिच्या नावावर मूळ माणसाची जमीन आपोआप चढवताही येणार नाही. मूळ माणसाचा मृत्यू प्रत मागे राहिली म्हणून टळत नाही. त्याच्या वारसांना सूतक आहे.

भारतात आवाज, चेहरा आणि स्वभावखुणा यांच्यावरील हक्कासाठी स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. न्यायालये एकेका प्रकरणात आदेश देत आहेत. ज्यांना वकील लावणे परवडते त्यांचे रक्षण त्यामुळे होते, इतरांचे होत नाही. जिवंतपणी लेखी संमती दिल्याशिवाय कोणाचाही आवाज वा चेहरा मृत्यूनंतर बोलता ठेवू नये, एवढी एक तरतूद विधिमंडळाने आणि संसदेने आताच करावी. आणि ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांच्या ध्वनिफिती जपून ठेवल्या आहेत त्यांनी, ती माणसे हयात आहेत तोवर, त्या फितींचे काय करायचे हे त्यांनाच विचारून लिहून ठेवावे.